भिजलेले छायाचित्र

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा साताऱ्याचा मुलूख ओलांडते आणि कऱ्हाडास कोयनेला सोबत घेऊन सांगलीस येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी तिचे पाणी ५७ फुटांवर चढले व घराघरांत शिरले. पूर ओसरल्यावर लोकांनी भिजलेले धान्य टाकले, गाद्या टाकल्या. भिंतीवरची छायाचित्रे मात्र कोणाला टाकवेनात.

एका वृद्ध गृहस्थांनी आपल्या आईचे एकुलते एक छायाचित्र साताऱ्यास एका कारागिराकडे नेले. ते काचेला चिकटले होते. सुदैवाने त्यांनी ते ओल्या फडक्यात गुंडाळून आणले होते. वाळू दिले असते तर काच सुटतीच ना. जुन्या छायाचित्रातील चांदीचे सूक्ष्म कण जिलेटिनच्या, म्हणजे एका प्रकारच्या सरसाच्या, थरात बसविलेले असतात. पाण्याने तो थर फुगतो, मऊ होतो. मग नुसते बोट लागले तरी चेहरा पुसला जातो. कारागिराने ते काचेसह स्वच्छ, थंड पाण्यात ठेवले आणि हळूहळू सुटे केले. उन्हात धरण्याचा मोह पुष्कळांना होतो, पण त्याने कागद वळतो. म्हणून त्याने ते सावलीतच वाळविले.

पुढे संगणकावर प्रत घेऊन त्याने चिरा बुजविल्या, डाग काढले. राहिला डावा डोळा. तो साफ वाहून गेला होता.

“उजव्यावरून काढून देऊ का?” कारागिराने विचारले.

गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “नको. तुम्ही काढाल तो सुरेखच असेल. पण आईचा तो डोळा किंचित तिरळा होता.”

कारागिराने तेवढी जागा तशीच ठेवली.