ओळंबा, टेप आणि जावईबापूंची गाडी

आम्ही दोघे भाऊ याच शाळेचे. शाळेतून बाहेर पडल्यावर बडोद्यातच चाळीस वर्षे गॅरेज चालवले. आता ते मुलांच्या हाती दिले आहे. वार्तापत्रासाठी गाड्यांविषयी काहीतरी लिहा, असा बाईंचा आग्रह झाला. म्हणून पुतणीकडे न्यू जर्सीला गेलो असताना तपासलेल्या एका गाडीबद्दल लिहीत आहोत.

गाडी जावईबापूंची. माझ्दा कंपनीची एमएक्स-५. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. दोनच माणसांची, कापडी टपाची स्पोर्ट्स कार. १९८९ साली ती प्रथम लोकांसमोर आली आणि २०१६ साली अशा दहा लाख गाड्या बनवून झाल्या. जावयांची गाडी १९९९ची, म्हणजे नातवापेक्षा वयाने मोठी. नातवाला सतरावे लागलेले, आणि त्याला याच गाडीवर शिकायचे होते.

टायर बदलायला नेली तेव्हा दुकानातल्या माणसाने जॅक भलत्याच जागी लावला. पत्रा चेपला, जॅक निसटला आणि गाडी डाव्या बाजूने खाली आदळली. दुकानदाराच्या मते पोचा किरकोळ होता. पुतणी म्हणाली, "काका, तुम्ही हो म्हणालात तरच पोराला या गाडीत बसू देईन. नाहीतर भंगारात जाऊ दे." जावईबापू काहीच बोलले नाहीत. त्यांचा जीव त्या गाडीत.

ट्रकला किंवा जीपला खाली वेगळी लोखंडी चासी असते. या गाडीला तशी नाही. तळाचा पत्रा, दारांखालचे पोकळ उंबरे आणि मधला बोगदा मिळूनच तिचा सांगाडा होतो. त्यात वर छप्पर नाही. बुटांचा खोका घ्या आणि झाकण काढून पिळून पाहा, किती सहज पिळतो ते कळेल. छपराने उचलायचा भार अशा गाडीत उंबऱ्यांवर येतो. उंबऱ्याच्या खालच्या काठाला दोन पत्रे जोडून केलेली पट्टी असते. तिच्यावर दोन खाचा दिसतात, आणि त्या खाचांच्या मधेच जॅक लावायचा असतो. आत तळाला लांबट पन्हळीसारखे पत्रे आहेत. ते मजबूत दिसतात, पण जॅकखाली डब्यासारखे चेपतात. दुकानातला माणूस तिथेच फसला.

आधी नुसत्या डोळ्यांनी पाहिले. दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का? उंबरा वाकला असेल तर उघड्या गाडीत ही फट वरच्या बाजूला आवळते. नाणी एकावर एक धरून फटीतून फिरवली, ती कुठे अडली नाहीत. मग गाडी योग्य जागी उचलून चार घोड्यांवर ठेवली (नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीही, कधीही शिरू नये) आणि खाली गेलो. डावी पन्हळ बोटभर आत गेलेली, पट्टी वीतभर दुमडलेली, सांध्यातला मसाला तडकलेला.

आता मुख्य प्रश्न: सांगाडा तिरका झाला का? तळाच्या पत्र्याला कारखान्यातच पाडलेली भोके असतात, डावीकडे आणि उजवीकडे अगदी सारखी. पुढची दोन आणि मागची दोन निवडली, प्रत्येकातून ओळंबा सोडला, टोकाखाली जमिनीवर खडूने खूण केली. चार खुणांचा समद्विभुज समलंब चौकोन झाला. त्याचे कर्ण समान असतात हे तुम्ही वहीत सिद्ध करता ना? तेच इथे टेपने पाहायचे. कर्ण सारखे नसतील तर गाडी एका अंगाला सरकली आहे.

फरक आला ९ मिलिमीटर. जावईबापू खुर्चीत जाऊन बसले.

नातू मात्र पुन्हा खाली शिरला आणि म्हणाला, "आजोबा, इथे दोरी भोकाच्या मधून येतच नाहीये." भोक दोन सेंटिमीटरचे, आणि दोरी त्याच्या कडेला टेकलेली! पुठ्ठ्याच्या चकत्या कापून मध्यात छिद्र पाडले, त्या भोकांत बसवल्या आणि पुन्हा मोजले. फरक २ मिलिमीटर. टेप आणि खडूच्या रेघेत एवढे जातेच.

पण कर्ण उंची सांगत नाहीत. एक कोपरा वर ढकलला गेला असेल तरी जमिनीवरच्या खुणा बरोबरच पडतील. त्यासाठी आपले गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेतली. जमीन उतरती असली तरी पाणी फसवत नाही. समोरासमोरची भोके समपातळीत निघाली. शेवटी गाडी खाली घेऊन पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर दोन्ही बाजूंनी मोजले. २२६५ मिलिमीटर असायला हवे, तेवढेच होते. सांगाडा सरळ होता.

इथेच हात धुतले असते तर जावई खूश झाले असते. पण त्याआधी खाली असताना उजवी बाजूही तपासली होती. तिथेही असाच पोचा होता, जुना, गंजलेला. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात; तडकलेल्या सांध्यात ते शिरले की पत्रा आतून खाते. मागच्या चाकाच्या पुढे, उंबऱ्याच्या टोकाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तो सरळ आत गेला.

जावयांच्या एका मित्राने सुचवले, दोन्ही बाजू दुकानदाराच्या नावावर टाका. नातवानेच विचारले, "गंज आठवड्यात कसा चढेल?" डाव्या बाजूचे फोटो तेवढे दुकानदाराकडे गेले. त्याने थोडी कुरकुर केली, पण पट्टी सरळ करून, प्रायमर आणि नवा मसाला लावून दिला.

उजवा उंबरा जावईबापूंनी स्वतःच्या खर्चाने कापून नवा पत्रा वेल्ड करून घेतला. त्या कामाला सहा आठवडे लागले आणि तोवर आमची परतीची तिकिटे आली. नातू पहिल्यांदा गाडीत बसला त्याचा फोन बडोद्याला आला. शेजारच्या सीटवर पुतणी बसली होती.