शहाबादीवरचा लिंबाचा डाग

परवा सरबत करताना लिंबाची फोड हातातून निसटून फरशीवर पडली. पुसायचं राहून गेलं. सकाळी पाहते तर शहाबादीवर पांढुरका, हाताला खरखरीत डाग! आई म्हणाली, "शहाबादीवर आंबट सांडू नये, एवढंही ठाऊक नाही?" ठाऊक होतं. का सांडू नये, हे मात्र कधी विचारलं नव्हतं. ते शोधायला बसले आणि गेले आठ दिवस मला दुसरं काही सुचत नाहीये.

आपल्या सोलापुरात खणलं की काळा कातळ लागतो, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. शहाबादी येते गुलबर्ग्याच्या पुढून, आणि ती आहे समुद्राच्या तळाशी साचलेला चुनखडक, आपल्या कातळाहून कितीतरी जुना! भूशास्त्रज्ञ त्या प्रदेशाला 'भीमा खोरं' म्हणतात. भीमा म्हणजे पंढरपूरची आपली चंद्रभागाच की! जन्मभर ज्यावर पाट मांडून जेवले, तो समुद्राचा तळ होता.

चुनखडक म्हणजे मुख्यतः कॅल्साइट, कॅल्शियम कार्बोनेटचा स्फटिक. लिंबाच्या आम्लात तो विरघळतो, म्हणून डाग. एवढं शाळेत शिकले होते. पण पुढचं ऐका. समुद्राच्या एका लिटर पाण्यात मॅग्नेशियम सुमारे 1.3 ग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम 0.4 ग्रॅम. अणू मोजले तर एका कॅल्शियममागे पाच मॅग्नेशियम! दोघांचा विद्युतभारही सारखा. मग स्फटिकात मॅग्नेशियमचीच गर्दी व्हायला हवी ना? होत नाही.

कारण मॅग्नेशियमचा आयन लहान, आणि म्हणूनच तो पाण्याचे सहा रेणू घट्ट कवटाळून असतो. स्फटिकात शिरायचं तर ते सोडावे लागतात, आणि ते सहजी सुटत नाहीत. शिरलाच, तर कॅल्शियमची जागा त्याला ढगळ होते. भोवतीची जाळी आत ओढली जाते, ताण येतो, कॅल्साइटची वाढच मंदावते. इतकी, की आजच्या उबदार उथळ समुद्रात तेच कॅल्शियम कार्बोनेट बहुधा ॲरागोनाइट या वेगळ्या घडणीत साकळतं.

आणि मग मला सापडलं ते फोरामिनिफेरा! वाळूच्या कणाएवढे एकपेशीय जीव, बहुतेकांची कवचं कॅल्साइटची. पृष्ठभागाजवळ तरंगणाऱ्या जातींच्या कवचात हजार कॅल्शियममागे दोन-पाच मॅग्नेशियम. पण पाणी उबदार असेल तर ते वाढतं, एका अंशाला साधारण 9 टक्क्यांनी. जीव मरतो, कवच तळाच्या चिखलात पडतं आणि हजारो वर्षं तिथेच राहतं. तो चिखल वर काढायचा, कवचातलं मॅग्नेशियम मोजायचं, की त्या काळचा समुद्र किती ऊन होता ते कळतं! आपल्या गोव्यात, दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत या कवचांचा अभ्यास होतो. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

शहाबादच्या शेजारी वाडीला सिमेंट होतं, तेही याच चुनखडकाचं. तिथेही मॅग्नेशियमवर नजर असते, कारण ते जास्त झालं तर सिमेंट मागाहून फुगून तडकतं. म्हणून सिमेंटमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड 6 टक्क्यांपर्यंतच चालतं.

तुमच्या घरी शहाबादी असेल तर आजच एखाद्या आडोशाच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका आणि भिंगातून पाहा. बारीक बुडबुडे येतील. तो कार्बन डायऑक्साइड त्या जुन्या समुद्रात विरघळलेल्या कार्बनचा आहे. पाहून झालं की लगेच पुसा.