बोल्टाखालचा रंग

जयगडच्या जेट्टीवर फेरीची वाट बघत गाडी उभी होती. कोल्हापूर सोडून दोन दिवस झाले होते. आंबा घाट, गणपतीपुळे, एवढी गाडी पळूनही मागची बॅटरी भरत नव्हती. पहाटे फ्रिज बंद पडला होता. ट्रॅव्हलरमध्ये घर बसवून दिलेलं माझंच, आणि पहिल्या सफरीला सोबत या म्हणून गिऱ्हाइकाने मला आणि माझ्या पुतणीला आग्रहाने आणलेलं.

इंजिन चालू ठेवलं की पुढे १४.२ व्होल्ट, मागे १३.२. हा एक व्होल्ट जातो कुठे? १५० अँपिअर-तासाची ट्यूब्युलर १३.२ वर भरत नाही, नुसती तगून राहते. फ्यूज बघितला, रिले बघितला, थिंबलं हलवून बघितली. सात मीटर वायर २५ स्क्वेअरची, शुद्ध तांब्याची. वीस अँपिअरला तिच्यात जेमतेम ०.१ व्होल्ट पडावा. माझं काम जाड वायरीवरून ओळखतात, याचा मला फार अभिमान. म्हणून मी पुन्हा पुन्हा त्याच वायरीवरून हात फिरवत राहिलो.

अशा वेळी हल्ली जो तो दहा-वीस हजारांचा चार्जर दोन बॅटऱ्यांच्या मध्ये बसवून मोकळा होतो. नव्या बीएस-६ गाड्यांत अल्टरनेटर स्वतःच व्होल्टेज उतरवतो, तिथे तो लागतोच. पण या जुन्या गाडीत तो बसवणं म्हणजे दुखणं झाकणं. लोड चालू ठेवून मीटर लावायची सवयच राहिली नाही कुणाला. बंद गाडीत आकडा बघतात आणि बॅटरीला दोष देतात.

हे मी पुतणीला सांगत होतो, तेव्हा ती सीटखाली आडवी झाली होती. मीटरची एक पिन मागच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी लांब वायर जोडून पुढच्या निगेटिव्हवर.

"काका, इकडेच ०.८ पडतोय."

निगेटिव्हला मी वायर ओढली नव्हती, चासिसवर अर्थ दिला होता. बोल्टाला हात लावला तर चटका बसला. थिंबल काढलं, खाली काळा रंग, जसाच्या तसा. पस्तीस वर्षांत अर्थाची जागा खरवडल्याशिवाय मी बोल्ट आवळलेला नाही. इथेही खरवडली होती, पण दोन बोटं बाजूला. चष्म्याशिवाय, त्या अंधाऱ्या कोपऱ्यात, मी चाचपून खरवडलं आणि चाचपूनच बोल्ट बसवला.

पॉलिश पेपर तिनेच मारला. मागे १४ आले.

गिऱ्हाईक विचारायला आलं तेव्हा मी म्हणालो, "सापडलं. अर्थ होता." कुणी शोधलं ते बोललो नाही, आणि कुणी चुकवलं तेही नाही. ती मीटरच्या वायरी गुंडाळत होती.

फेरी तवसाळला लागली. गुहागरला रात्री दोनदा उठून मी आकडा बघून आलो. दुसऱ्यांदा तीही जागी होती. तेव्हा तरी सांगायला हवं होतं.