हिरोसाकीचा किल्ला आणि साकुराचा बहर

साकुराची फुले पाहावीत ती टोकिओ-क्योटोला, असा आपल्याकडील पुष्कळ प्रवाशांचा समज आहे. पण हा बहर वसंताबरोबर हळूहळू उत्तरेकडे सरकत जातो आणि होन्शू बेटाच्या पार वरच्या टोकाला, हिरोसाकीला पोचेपर्यंत एप्रिलचा शेवटचा आठवडा उजाडतो.

रायगड-सिंहगडाची सवय असलेल्या मराठी डोळ्यांना हा किल्ला प्रथमदर्शनी किल्लाच वाटत नाही. ना चढण, ना धाप! सपाटीवर पाण्याचे खंदक, मातीचे उंच बांध आणि एका कोपऱ्यात पांढऱ्या भिंतींचा तीनमजली मनोरा. त्सुगारू घराण्याने १६११ साली किल्ला पुरा केला तेव्हा मुख्य मनोरा पाच मजली होता. १६२७ साली वीज पडून तो जळाला; आजचा मनोरा १८१०च्या सुमाराचा. त्याच्याखालचा दगडी तट फुगू लागला, तेव्हा २०१५ साली सुमारे चारशे टनांचा हा मनोरा न मोडता, सरकवत सरकवत सत्तरएक मीटर आत नेण्यात आला. असला खटाटोप जपान्यांनीच करावा!

पण खरी गोष्ट आहे ती झाडांची. १८७१ साली संस्थाने खालसा झाली, सामुराईंच्या तलवारी आणि तनखे गेले, किल्ला ओस पडला. १८८२ साली किकुची तातेए नावाच्या एका माजी सामुराईने तिथे साकुराची हजार रोपे लावली. त्याचे जुने सोबती खवळले. धन्याच्या किल्ल्यात फुले बघत खायचे-प्यायचे? त्यांनी कितीतरी रोपे उपटून टाकली. त्या रागाला नुसता आडमुठेपणा म्हणून हसण्यावारी नेणे मला जमत नाही. सर्वस्व गेलेल्या माणसांपाशी तेवढी एक जागा उरली होती. त्यातूनही जी रोपे वाचली, त्यांतले एक झाड आजही बागेत फुलते.

साकुराची फांदी छाटणारा मूर्ख, अशा अर्थाची जपानी म्हण आहे. हिरोसाकीच्या माळ्यांनी मात्र ती खुशाल मोडली. हा मुलूख सफरचंदांचा, आणि तिथे सफरचंदाची लागवड रुजवणारांत हाच किकुची अग्रणी! दुसऱ्या महायुद्धानंतर बागवानांनी सफरचंदाच्या छाटणीची रीत साकुराला लावली. या जातीचे झाड साठ-ऐंशी वर्षांत थकते म्हणतात. इथे शंभरी ओलांडलेली तीनशेहून अधिक आहेत. बागेत एकूण झाडे सुमारे २६००, आणि एकेका कळीतून फुले चार-चार, पाच-पाच.

गर्दी मात्र सोसायला हवी. झाडांखाली चटया अंथरून कुटुंबेच्या कुटुंबे बसलेली असतात; काडीला टोचलेले दांगो, म्हणजे तांदळाच्या पिठीचे गुलाबी-पांढरे-हिरवे गोळे, पोरेबाळे चघळत असतात. चवीला ते आपल्या उकडीच्या जवळपासचे, पण सारणावाचून. बहर ओसरू लागला तरी जायला हरकत नाही. माझ्या मते तेव्हाच जावे. पाकळ्या गळून बाहेरचा खंदक काठोकाठ गुलाबी होतो. या थराला तिथले लोक फुलांचा तराफा म्हणतात. पश्चिमेच्या खंदकात भाड्याने होड्या मिळतात. वल्हे मारले की क्षणभर काळे पाणी दिसते आणि पाकळ्या पुन्हा मिटून येतात.