फेडायचा कुणी?

नवस बोललेलं माणूस गेलं की नवस कुणाकडे जातो? शेताच्या सातबाऱ्यावर वारसांची नावं चढतात, सोसायटीचं कर्जही चढतं. नवसाचं तसं दप्तर नाही. आजी महडच्या वरदविनायकाला काहीतरी बोलली होती, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक. आत्याच्या मते कर्जतहून अनवाणी चालत येईन असं. काकांच्या मते नारळांचं तोरण. “बोललेलं फेडावंच लागतं, देवाला विसर पडत नाही,” आत्या म्हणते. “देव काय वसुलीला बसलाय?” इति काका. मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत.

महड म्हणजे खालापूर तालुक्यातलं, खोपोलीजवळचं. चवदार तळ्याचं महाड नव्हे. तळं इथंही आहे. मूर्ती १६९० साली त्यातच सापडली म्हणतात. देऊळ १७२५ मध्ये रामजी महादेव बिवलकरांनी बांधलं, आणि गाभाऱ्यातला नंदादीप १८९२ पासून अखंड आहे असं सांगतात. ज्यानं पहिली वात लावली तो केव्हाच गेला. तेल घालणारे हात बदलत राहिले. त्यांच्यातल्या कुणी विचारलं असेल का, की शब्द त्याचा, मग मी का पाळू?

पण मी अडकते ते या स्थळाच्या, गृत्समद ऋषीच्या कथेत. ‘बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर’ ही म्हण आपण हसतहसत फेकतो. गृत्समद मगधराजाकडे गेला तो श्राद्धालाच, आणि तिथं अत्रींनी सगळ्यांदेखत त्याचा बाप काढला. तेव्हापासून ही म्हण मला नीट वापरता येत नाही. श्राद्ध करायचं तरी बापाचं नाव आणि गोत्र उच्चारावं लागतंच. म्हणजे म्हणीनं उदार होऊन पुढे केलेले दोन पर्याय मुळात एकच, आणि ज्याला नाव माहीत नाही त्यानं दोन्हीकडून तोंड लपवायचं.

घरी येऊन त्यानं आईला, मुकुंदेला, विचारलं. तिचं मन रुक्मांगद राजावर गेलेलं. त्याचं रूप घेऊन इंद्र आला होता. पाप तिचं किती, इंद्राचं किती? पोरानं तो हिशेब केलाच नाही. काटेरी बोर हो, सगळ्यांनी टाळावी अशी, म्हणाला. तिनंही उलट शाप दिला: तुझ्या पोटी राक्षस येईल. पुढे त्यानं तप केलं, गणपती प्रसन्न झाला, वर मिळाला. तरी त्रिपुरासुर जन्मला तो जन्मलाच. रागात निघालेला शब्द देवालाही मागे घेता आला नाही, आणि आईसाठी उःशाप मागितल्याचं मी ऐकलेल्या कथेत नाही.

बोरीचं काय झालं मग? कर्जतहून खोपोली लोकलनं जाताना पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशी स्टेशनं मागे पडतात, आणि हिवाळ्यात मी रुळांकडेच्या बोरी बघत बसते. ऐन तेव्हाच घरोघरी बोरन्हाण असतं. हलव्याचे दागिने घातलेलं, भांबावलेलं पोर पाटावर. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतायचे, की आळीतली पोरं गुडघ्यांवर येऊन, एकमेकांना ढकलत बोरं मुठीत कोंबतात. पोटच्या पोरानं जिला टाळा म्हटलं, तिचीच फळं आपण लेकरांच्या डोक्यावर ओततो. ही क्षमा म्हणावी, तर ओतणाऱ्या बायकांना मुकुंदा आठवतही नसते. विसर पडला म्हणावं, तर बोरीला त्यानं काय फरक पडतो?

त्याच सुमारास महडला माघी चतुर्थीची गर्दी लोटते. त्या दिवशीचा प्रसादाचा नारळ खाल्ला की मुलगा होतो, अशी समजूत. मुलगाच. आजीनं काय द्यायचं कबूल केलं यावर आमच्याकडे वाद. मागितलं काय, ते कुणी विचारत नव्हतं. मी आत्याला विचारलं.

“तुझ्या वेळेसच बोललेली. तुझी आई पोटुशी होती तेव्हा.”

आजीला मी ओळखते. तिनं नातू मागितला असणार, आणि झाले मी. देव पावला म्हणायचं का हे? आत्या म्हणते, सुखरूप सुटका मागितली असेल गं. असेलही. नसेल, तर आजीचं देणं उरतच नाही. उलट देवाकडूनच येणं निघतं. हे आत्यापुढे बोलायची मात्र छाती नाही.