कबुतराच्या पायातली कडी

मॉरिशसला कॅमेरा घेऊन जाणाऱ्या पक्षीवेड्याने यादी लांबवण्याची हौस घरी ठेवूनच निघावं. तिथे उतरल्याबरोबर भेटतात त्या आपल्याच साळुंक्या, चिमण्या आणि शिपाई बुलबुल. माणसांनी जहाजांतून नेलेले हे पक्षी. खास त्या बेटाचेच म्हणावेत असे रानपक्षी आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. डोडो तर सतराव्या शतकातच संपला.

मला विचाराल, तर आग्नेय किनाऱ्यालगतच्या ईल ओ झेग्रेत या २६ हेक्टरांच्या चिमुकल्या बेटावर अख्खी सकाळ घालवावी. तिथे पक्ष्यांच्या जाती आणखीच कमी, पण मॉरिशसचं खास गुलाबी कबुतर तिथे भेटतं. एबनीच्या झाडांखाली सावली दाट आणि पायाखालचा प्रवाळी खडक पांढराफटक. अशा उजेडात गुलाबी कबुतराचा रंग पकडणं अवघड जातं. एक्स्पोजर जरा वाढलं की छाती पांढरी पडते, जरा उतरलं की डोळा काळोखात बुडतो. कबुतर मात्र उतावीळ नसतं. शांतपणे बसून राहतं, मान तेवढी वळवतं. चोच लालसर, टोकाशी पांढरी; पायही लालसर, आणि त्या पायांत रंगीत कडी.

ही कडी पुष्कळ छायाचित्रकारांना खुपतात. पाय पानाआड जाईपर्यंत ते थांबतात, नाहीतर नंतर संगणकावर कडी पुसून टाकतात. मला हे अजिबात पटत नाही. जंगल तोडलं गेलं, उंदीर-माकडांनी घरटी लुटली, आणि १९९० च्या सुमारास ही कबुतरं रानात जेमतेम दहा राहिली. पिल्लं पिंजऱ्यात वाढवून, रानात सोडून, त्यांच्यासाठी दाणा ठेवून माणसांनी त्यांची संख्या चारशेच्या घरात नेली. मूळ पूर्वजच इतके थोडे, की सोयरीकही जपून पाहावी लागते. कुणाची जोडी कुणाशी जमली, कुणाची पिल्लं तगली, हे रानात कळतं ते या कड्यांच्या रंगांवरून. मॉरिशसचा खरुची ससाणा तर १९७४ मध्ये रानात अवघा चारांवर आला होता. तोही अशाच चिकाटीने वाचला.

इथे आपण जातीचा फोटो काढत नसतो. समोर असतं ते एक ठरावीक कबुतर, ज्याचे आईबाप कुणाच्या तरी वहीत नोंदलेले असू शकतात. म्हणून फोकस डोळ्यावर ठेवला तरी चौकटीत दोन्ही पाय घ्यावेत, आणि कड्यांचे रंग ओळखू येतील एवढा उजेड मिळेपर्यंत बटण दाबू नये.