मालकाचा रकाना

मराठीच्या प्राध्यापकाकडे लोक कवितेसाठी येत नाहीत, अर्जासाठी येतात. लग्नपत्रिका, मानपत्र, श्रद्धांजली आणि अर्ज हीच आमची चार शास्त्रे. म्हणून २०२१च्या दिवाळीत साकोलीकडच्या आमच्या गावी एक बालमित्र कागद घेऊन दारात उभा राहिला, याचे मला नवल वाटले नाही.

भाऊबीज झाली की भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते. दंडार होते, रात्री नाटक रंगते आणि पोटासाठी बाहेर गेलेली माणसे घरी येतात. या मित्राची जमीन दीड एकर. धानाची रोवणी आणि कापणी संपली की तो नागपूर गाठी. गेली अकरा वर्षे त्याने तिथे सेंट्रिंगचे काम केले होते.

"भाऊ, येवढा कागद भरून द्या जी," तो म्हणाला. लहानपणी तो मला 'काबे' म्हणून हाक मारी. हा 'जी' आमच्यात केव्हा आला, ते मला आठवेना.

अर्ज बांधकाम कामगाराच्या नोंदणीचा होता. १९९६च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर किमान शेकडा एक उपकर बसवला. बारा महिन्यांत ९० दिवस काम केलेल्या मजुराची नोंद व्हावी आणि त्या पैशातून त्याला मदत मिळावी, अशी योजना होती. मला बरे वाटले. मी ऐटीत पेन उघडले.

नाव झाले, वय झाले, कायमचा पत्ता झाला. 'सध्याचा पत्ता' आला तसा तो हसला. "स्लॅब जिकडे, आमी तिकडे."

पुढचा रकाना मालकाच्या नावाचा. त्याला फक्त मुकादम ठाऊक. मुकादमावर ठेकेदार, ठेकेदारावर आणखी कोणी. त्यांचे तोंड त्याने पाहिलेले नव्हते. नव्वद दिवसांचा दाखला मागितला, तेव्हा मुकादम म्हणाला होता, "दाखला घे, पण उद्यापासून येऊ नको."

मग २०२०ची गोष्ट निघाली. मार्चमध्ये टाळेबंदी झाली, काम थांबले, मुकादमाचा फोन लागेना. हा शंभर किलोमीटर चालत गावी आला. वाटेत डोक्यावर बोचकी घेऊन छत्तीसगडकडे निघालेली बायकापोरे त्याला भेटली. "आपलं तं जवळच होतं जी," तो म्हणाला.

त्याच वर्षी ८ मे रोजी जालन्याच्या पोलाद कारखान्यातून मध्य प्रदेशाकडे पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले आणि मालगाडीखाली सापडले. त्यांची नावे-गावे मग छापून आली. नाव कागदावर चढायला एवढी किंमत द्यावी लागते काय?

मालकाचा रकाना रिकामाच राहिला. मित्राने कागदाची घडी करून खिशात घातली. "राहू द्या जी. चला, दंडार पाहू."

दंडारीत माझे लक्ष लागले नाही. महिन्यापूर्वीच मेहुण्यांच्या नागपुरातल्या नव्या घराच्या वास्तुशांतीची पत्रिका मी लिहून दिली होती. तिच्यात माझे एक वाक्य होते : 'आम्ही नागपुरात घर बांधले.'

वीस वर्षे मी व्याकरण शिकवतो. त्या वाक्यातला कर्ता चुकला, हे मला त्या रात्री कळले.